न पाहिलेला रोही, न पाहिलेला निळा

न्यायदर्शनात उपमान या प्रमाणाचं एक ठरलेलं उदाहरण आहे. नगरात राहणाऱ्या माणसाने गवय कधी पाहिलेला नाही. रानात वावरणारा त्याला सांगतो, की गवय गाईसारखा असतो. पुढे हा नगरवासी अरण्यात जातो, गाईसारखा पण गाय नसलेला एक प्राणी त्याला दिसतो, आणि गवय म्हणतात तो हाच, हे त्याला उमगतं. गवय म्हणजे गवा की नीलगाय याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. नागपूरच्या वाचकाला दोन्ही सारखेच जवळचे. गवा पेंचच्या आणि ताडोबाच्या जंगलात आहे, आणि नीलगाय तर रोही या नावाने थेट वावरात शिरते. शहरातल्या मुलाला हा रोही बहुतेक वेळा आधी ऐकू येतो. काटोलचा नाहीतर उमरेडचा मामा फोनवर सांगतो, की रात्री रोही आले आणि हरभरा तुडवून गेले. गाईसारखं अंग, घोड्याएवढी उंची, नराचा रंग राखाडी-निळा, मादीचा तांबूस, एवढं त्या मुलाला ठाऊक असतं. प्रत्यक्ष भेट कधीतरी पुढे, रस्त्याच्या कडेला होते.

मग त्याच्या मनात ‘रोही’चा अर्थ तयार झाला तो मामाच्या बोलण्याने, की त्या पहिल्या दर्शनाने? आपल्याकडे हा वाद फार जुना आहे. उपमानाला वेगळं प्रमाण मानायला बौद्ध आचार्य दिङ्नाग तयार नव्हते. वैशेषिकांनी ते अनुमानात बसवलं. गेल्या चाळीस वर्षांत हाच प्रश्न मानसशास्त्रात आणि मेंदूविज्ञानात नव्याने पेटला. एका पक्षाचं म्हणणं असं, की शब्द समजणं म्हणजे पाहणं, ऐकणं, हुंगणं, चाखणं, हात लावणं यांचे साठवलेले अनुभव पुन्हा जागे करणं. दुसऱ्या पक्षाच्या मते मनातल्या संकल्पना इंद्रियांपासून सुटलेल्या असतात. डोळ्यांनी माहिती आत आणून दिली की त्यांचं काम संपतं. आजवरचा पुरावा तपासल्यावर मला दोघांचंही म्हणणं अपुरं वाटतं. इंद्रियं अर्थाला धार देतात, वेग देतात, खात्री देतात. पण अर्थाचा फार मोठा भाग माणसं बोलून एकमेकांना पोचवतात, आणि तो भाग आपण गृहीत धरतो त्याहून कितीतरी मोठा आहे. याचा सर्वांत ठळक पुरावा नागपूरपासून फार दूर नाही, अमरावती जिल्ह्यात आहे. त्याकडे पुढे येतो.

आधी वादाची मांडणी. १९८० मध्ये जॉन सर्ल यांनी एक कल्पित खोली उभी केली. तिच्यात बसलेला माणूस चिनी अक्षरं नियमाप्रमाणे हलवून बिनचूक उत्तरं देतो, पण त्याला चिनी येत नाही. १९९० मध्ये स्टीव्हन हर्नाड यांनी तीच अडचण दुसऱ्या बाजूने मांडली: फक्त शब्दकोश हातात घेऊन एखादी भाषा पहिल्यांदा शिकता येईल का? एका शब्दाचा अर्थ दुसऱ्या शब्दात, दुसऱ्याचा तिसऱ्यात. कुठेतरी हा प्रवास वस्तूला जाऊन टेकला पाहिजे. मीमांसकांनी हे टेकणं वृद्धव्यवहारातून दाखवलं होतं. घरातला थोरला म्हणतो, “गाय आण.” धाकटा आणतो. मूल बघत असतं. मग “घोडा आण”, “गाय बांध”. शब्द बदलला की काय बदलतं हे पाहत पाहत मूल अर्थ वेगळे काढतं. नैयायिकांच्या परंपरेत मात्र शब्दार्थ कळण्याचे आठ मार्ग सांगितले आहेत. व्यवहार हा त्यांपैकी एक. बाकीच्यांत व्याकरण आहे, कोश आहे, विश्वासू माणसाचं वाक्य आहे, उपमान आहे, शेजारच्या ओळखीच्या शब्दावरून अनोळखी शब्द ताडणं आहे. या आठांतले बरेचसे मार्ग डोळे मिटूनही चालता येतात. आधुनिक वादात ही यादी कुणी टेबलावर ठेवली असती तर बरीच वर्षं वाचली असती, असं मला मनापासून वाटतं.

१९९९ मध्ये लॉरेन्स बार्सालू यांनी इंद्रियाधारित संकल्पनांचा सिद्धांत सविस्तर मांडला आणि प्रयोगांची रांग लागली. त्यांतले रॉल्फ झ्वान आणि सहकाऱ्यांचे प्रयोग आजही वाचावेत असे आहेत. वाचकाला एक वाक्य दाखवायचं: खिळा भिंतीत ठोकला. किंवा: खिळा जमिनीत ठोकला. मग खिळ्याचं चित्र दाखवून विचारायचं, ही वस्तू वाक्यात होती का? भिंतीचं वाक्य वाचलेले आडव्या खिळ्याला लवकर होकार देतात, जमिनीचं वाचलेले उभ्याला. वाक्यात खिळा आडवा की उभा हे कुठेही लिहिलेलं नाही. वाचणाऱ्याने ते मनात मांडून घेतलेलं असतं. हा प्रयोग २००१चा. पुढल्या वर्षी आकाराचा प्रयोग झाला. गरुड आकाशात असेल तर पंख पसरलेलं चित्र लवकर ओळखलं जातं, घरट्यात असेल तर पंख मिटलेलं. दहा वर्षांनी झ्वान आणि डायान पेखर यांनी हे प्रयोग मोठ्या संख्येने पुन्हा केले. आकाराचा परिणाम पक्का ठरला, उभ्या-आडव्याचा अगदी बारीक निघाला.

मेंदूची छायाचित्रं घेणाऱ्यांचा पुरावाही याच सुमाराला आला. २००४ मध्ये केंब्रिजला ओलाफ हाउक आणि सहकाऱ्यांना दिसलं, की चाटणे, उचलणे, लाथ मारणे या अर्थाची क्रियापदं नुसती वाचली तरी जीभ, हात आणि पाय हलवणाऱ्या भागांच्या आसपास हालचाल वाढते. २००६ मध्ये स्पेनमधल्या गटाने लसूण, दालचिनी यांसारखे वासाचे शब्द वाचायला दिले तेव्हा गंधाशी संबंधित भाग जागे झाले. खरखरीत, गुळगुळीत अशा स्पर्शाच्या शब्दांनी केलेल्या रूपकांवरही २०१२ मध्ये असाच निष्कर्ष आला. स्पर्श जाणणारा भाग रूपकालाही उत्तर देत होता.

हे सगळं एकदम पटण्यासारखं आहे आणि म्हणूनच इथे थांबून विचार करायला हवा. एखादा भाग जागा होतो याचा अर्थ त्याच्यामुळेच शब्द समजतो, असा होत नाही. ब्रॅडफोर्ड मेहन आणि आल्फोन्सो कारामाझ्झा यांनी २००८ मध्ये हाच आक्षेप घेतला. शब्द आधी समजत असेल आणि त्याचा ओघळ नंतर इंद्रियांच्या भागात उतरत असेल. कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे वेगळं काढण्यासाठी प्रयोगच वेगळा रचावा लागतो. २०१७ मध्ये एडमिस्टन आणि लुपियन यांनी तो रचला. डोळ्यांपुढे रंगीबेरंगी आकृत्यांचा गोंधळ ठेवून लोकांना वस्तूंबद्दल प्रश्न विचारले. वस्तू दिसते कशी या प्रश्नांची उत्तरं बिघडली. वस्तूबद्दलचं इतर ज्ञान विचारलं तेव्हा तसा फरक पडला नाही. म्हणजे पाहण्याची यंत्रणा अडवली तर अर्थाचा दृश्य भाग अडतो आणि बाकीचा चालू राहतो. संपूर्ण वादात मला हा निष्कर्ष सर्वांत समतोल वाटतो.

काही प्रसिद्ध दावे मात्र टिकले नाहीत. हात पुढे नेण्याच्या अर्थाचं वाक्य वाचलं की हात पुढे नेणं सोपं जातं, हा ग्लेनबर्ग आणि कॅशॅक यांचा २००२चा निष्कर्ष वर्षानुवर्षं पाठ्यपुस्तकांत होता. अनेक प्रयोगशाळांनी आधी पद्धत जाहीर करून तो एकत्र तपासला, मूळ प्रयोगकर्तेही त्यात सहभागी झाले, आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा, की परिणाम सापडला नाही. आपल्याच निष्कर्षाची परीक्षा घ्यायला पुढे येणाऱ्या या दोघांबद्दल मला आदर वाटतो. येल विद्यापीठातला २००८चा गरम कॉफीचा प्रयोगही असाच गाजला होता. हातात गरम कप धरलेली माणसं अनोळखी व्यक्तीला अधिक प्रेमळ ठरवतात, असा त्याचा दावा. २०१९ मध्ये पुन्हा करून पाहिला तेव्हा काही हाती लागलं नाही.

नागपुरात बसून तो दावा वाचताना खरं तर आधीच शंका यायला हवी. जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, २५ मेपासून नवतपा लागतो आणि दुपारी रस्ते ओस पडतात, तिथे सुखाचे शब्द दुसरीकडून येतात. जीव निवतो, डोळे निवतात, पोटात थंडावा येतो, माणूस कुणाच्या तरी सावलीत वाढतो. मराठीत मायेची ऊबही आहे आणि मायेची सावलीही आहे. दोन्ही खऱ्या, दोन्ही शरीराने शिकवलेल्या, आणि कुठली केव्हा ओठांवर येईल हे ऋतूवर आणि गावावर अवलंबून. शरीर सगळ्यांचं सारखं म्हणून रूपकंही सारखी, हा निष्कर्ष थंड देशांतल्या प्रयोगशाळांत जितका सहज निघतो तितका इथे निघत नाही.

तिखटाचं उदाहरण याहून नेमकं आहे. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने मिरचीतल्या कॅप्सेसिनला प्रतिसाद देणारं ग्राहक प्रथिन शोधलं; २०२१चं नोबेल त्यांना याच कामासाठी आर्डेम पाटापुटियन यांच्याबरोबर मिळालं. हेच प्रथिन ४३ अंशांच्या आसपासच्या उष्णतेलाही प्रतिसाद देतं. म्हणजे सावजीचा रस्सा जिभेला लागतो तेव्हा, किंवा पोह्यांवरची तर्री घशाखाली उतरते तेव्हा, मज्जातंतूंकडून मेंदूला जाणारा निरोप आणि उन्हात तापलेल्या स्कूटरच्या सीटवर बसल्यावर जाणारा निरोप यांचं उगमस्थान एकच. इंग्रजी भाषकाने त्या अनुभवाला उष्णतेचं नाव दिलं. आपण ‘तीक्ष्ण’ या संस्कृत शब्दातून आलेलं तिखट म्हणतो. आपल्याला त्यात टोक जाणवलं. गंमत अशी, की ‘उष्ण’ हा शब्द आपण जेवणातच दुसऱ्या कामाला लावला. फ्रिजमधून काढलेला गार आंबा उष्ण, कोमट ताक थंड. या उष्ण-थंडाला जिभेवरचं कुठलंही ग्राहक प्रथिन सांगता येणार नाही; ती आजी-आईच्या बोलण्यातून आलेली वर्गवारी आहे, आणि तरी उन्हाळी लागलेल्या माणसाला ती हाताला लागलेल्या चटक्याइतकीच खरी वाटते. इंद्रियांनी कच्चा माल पुरवला. त्याचे वाटे कसे करायचे हे भाषेने ठरवलं.

आता अमरावती जिल्ह्याकडे. लोणी टाकळी इथे १८८१ मध्ये जन्मलेले आणि माधान इथे वाढलेले गुलाबराव महाराज नऊ महिन्यांचे असताना त्यांची दृष्टी गेली. १९१५ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं तेव्हा ते चौतीस वर्षांचे होते. एवढ्या आयुष्यात त्यांच्या नावावर सव्वाशेहून अधिक लहान-मोठे ग्रंथ आहेत. इतरांनी वाचून दाखवायचं, त्यांनी ऐकायचं. त्यांनी सांगायचं, इतरांनी लिहून घ्यायचं. वेदान्तापासून आयुर्वेदापर्यंत आणि संगीतापासून डार्विन-स्पेन्सर यांच्या मतांपर्यंत त्यांनी विषय हाताळले. ज्ञानेश्वरांची कन्या आणि कृष्णाची पत्नी ही त्यांनी स्वतःची मानलेली नाती. मधुराद्वैत हे त्यांचं दर्शन. लोकांनी त्यांना प्रज्ञाचक्षू म्हटलं.

कृष्णभक्तीची भाषा रंगांवाचून उभी राहत नाही. मेघासारखा सावळा, पिवळा पीतांबर, मोरपीस, यमुनेचं काळं पाणी. नऊ महिन्यांच्या अर्भकाला दिसलेलं पुढे आठवणीत राहत नाही. मग सावळ्याचा अर्थ त्यांना कळत होता की नव्हता? इंद्रियाधारित सिद्धांताचं कडक रूप घेतलं तर उत्तर ‘नव्हता’ असं येतं. १९३०च्या दशकात अमेरिकेत थॉमस कट्सफोर्थ यांनी हे उघड म्हटलं. अंध मुलांच्या तोंडी येणारे दृश्य शब्द पोकळ असतात, शाळेने त्यांना ते शिकवू नयेत. कट्सफोर्थ स्वतः अंध होते आणि त्यांची तळमळ खरी होती. डोळस जगाचे शब्द अंध मुलांवर लादले जाऊ नयेत, असं त्यांना वाटत होतं. पण त्या विचाराचा परिणाम घातक झाला. कित्येक वर्षं शिक्षकांनी अंध मुलांपुढे रंग, चमक, क्षितिज हे शब्द काढणंच टाळलं. ज्या मुलांना जगाची माहिती मुख्यतः शब्दांतून मिळायची, त्यांचे शब्दच काढून घेतले गेले.

बार्बरा लँडाऊ आणि लीला ग्लाइटमन यांनी १९८५ मध्ये जे दाखवलं त्याने हा गैरसमज मोडला. जन्मापासून जवळजवळ अंध असलेल्या एका लहान मुलीला त्यांनी वरती बघायला सांगितलं. तिने मान स्थिर ठेवून हात वर केले. डोळ्यांना पट्टी बांधलेल्या डोळस मुलांनी त्याच सूचनेवर मान वर केली. हात लाव पण बघू नको, असं सांगितल्यावर तिने वस्तूला नुसता स्पर्श केला. आता बघ, म्हटल्यावर ती वस्तू हातांनी नीट चाचपून पाहिली. तिचं बघणं हातांचं होतं, पण दुसऱ्यांचं बघणं डोळ्यांचं असतं आणि त्यांना वस्तू दाखवायची तर त्यांच्या समोर धरावी लागते, हेही तिला समजत होतं. मराठी वाचकाला यात फार नवल वाटू नये. चव घेऊन बघ, वास घेऊन बघ, हात लावून बघ, जाऊन बघ, असं आपण रोज म्हणतो; आपल्या व्याकरणाने बघण्याला शोध घेण्याचं काम केव्हाच देऊन टाकलं आहे.

मरीना बेडनी यांच्या प्रयोगशाळेने गेल्या दशकात हा विषय फार पुढे नेला. लुकलुकणे, चमकणे, झळकणे किंवा डोकावणे, न्याहाळणे, टक लावणे अशा अर्थाच्या क्रियापदांतला बारीक फरक जन्मांधांना आणि डोळसांना जवळजवळ सारखाच कळतो, असं २०१९च्या अभ्यासात दिसलं. त्याच वर्षी प्राण्यांच्या रूपाबद्दल विचारलं गेलं. आकार, आकारमान, कातडीचा पोत यांबाबत दोन्ही गटांत बरंच एकमत होतं. रंगाबाबत सर्वांत कमी. हा निष्कर्ष वरवर सरळ दिसतो, पण त्यात एक खोच आहे. शब्दांत सांगायला रंग सर्वांत सोपा, कारण त्याला तयार नाव असतं. आकार सांगायला वाक्यं खर्ची पडतात. अंध माणसं प्राण्यांबद्दलची वाक्यं नुसती पाठ करत असती तर रंगाचं एकमत सर्वांत जास्त यायला हवं होतं. ती तर्क करतात. हा पक्षी आहे, म्हणजे पिसं असणार. हा थंड प्रदेशातला आहे, म्हणजे केस दाट असणार. रंगाला असा आधार फारसा मिळत नाही. मॉली लुईस आणि सहकाऱ्यांनी लगेच उत्तर दिलं, की तर्काबरोबर भाषेच्या वापरातच पुष्कळ दृश्य माहिती विखुरलेली असते, कुठला शब्द कुणाच्या सोबतीने येतो यावरूनही ती गोळा होते. मला दोन्ही म्हणणी एकत्र नांदणारी वाटतात.

२०२१ मध्ये बेडनी यांच्या गटाने प्रश्न फिरवला. केळं पिवळं का, एका जातीची दोन फळं एकाच रंगाची असतील का, दोन मोटारींचं काय, रस्त्यावरच्या ‘थांबा’ लिहिलेल्या दोन पाट्यांचं काय, आणि कधी न ऐकलेल्या बेटावरच्या वस्तूंचं काय. फळाचा रंग त्याच्या स्वभावातून येतो, मोटारीचा कुणाच्या तरी आवडीतून, पाटीचा तिच्या कामातून. हा रंगाचा कार्यकारणभाव अंध आणि डोळस दोघांनी सारखाच सांगितला, अनोळखी वस्तूंबद्दलही. नेमका कुठला रंग, इथे मात्र फरक राहिला.

नागपूरकरांना जवळचा प्रयोग बीजिंगचा आहे. वांग आणि बी यांच्या गटाने २०२० मध्ये फळं-भाज्यांचे रंग आठवायला सांगून डोळसांचे आणि जन्मांधांचे मेंदू तपासले. डोळसांत रंग पाहणारा भाग या ज्ञानाची नोंद ठेवत होता. पण डाव्या कानशिलाच्या पुढच्या पट्ट्यातला एक भाग दोन्ही गटांत तेच ज्ञान सांभाळत होता. म्हणजे डोळस माणसाच्या डोक्यात संत्र्याचा रंग दोन ठिकाणी असतो: एक पाहिलेला, एक ऐकलेला. अंध माणसाकडे दुसरा आहे आणि तो खरा आहे. संत्र्याबाबत तर पाहिलेलं फसवतंही. रात्री पुरेशा गार झाल्या नाहीत तर आंबिया बहाराचं फळ आतून पिकलेलं असूनही सालीवर हिरवट राहतं, आणि कळमन्याच्या बाजारातला जाणकार त्याची पारख रंगावर सोडत नाही. हाताला लागणारी सैल साल, वजन, नख लावल्यावर उडणारा तेलाचा वास यांतून नागपुरी संत्र्याची संकल्पना बनते; २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या फळाला ओळखायला डोळा हे अनेकांपैकी एक साधन आहे.

तर गुलाबराव महाराजांना सावळा कळत होता का? माझं उत्तर: बहुतांशी कळत होता. सावळा मेघाचा, मेघ पावसाचा, पाऊस तापलेल्या जमिनीला निववणारा, ही सगळी साखळी विदर्भातल्या उन्हाळ्यात वाढलेल्या माणसाच्या कातडीलाही ठाऊक होती आणि कानालाही. सावळा आणि काळा यांत कुणाला प्रेमाने काय म्हणतात हे त्यांनी हजारो वेळा ऐकलेलं होतं. एक गोष्ट त्यांच्या वाट्याला आली नाही: रंगाचा तो दिसण्याचा अनुभव. तो शब्दांनी पोचत नाही. विल्यम मोलिन्यू यांनी १६८८ मध्ये जॉन लॉक यांना विचारलं होतं, की हाताने गोल आणि घन ओळखणाऱ्या जन्मांधाला अचानक दृष्टी आली तर तो ते नुसतं पाहून ओळखेल का. मोलिन्यू यांच्या पत्नीची दृष्टी गेलेली होती. प्रश्न घरातून आलेला होता. याची नीट परीक्षा भारतात झाली. पवन सिन्हा यांच्या प्रोजेक्ट प्रकाशने दिल्लीत शस्त्रक्रिया करून दृष्टी मिळवून दिलेल्या पाच मुलामुलींना आधी वस्तू हाताळायला आणि मग पाहून ओळखायला सांगितली. २०११चा तो निकाल सांगतो, की पट्टी निघाल्यावर लगेच त्यांना ते जमलं नाही, जवळजवळ अंदाजाने उत्तरं आली. पण काही दिवसांतच जमू लागलं. हात आणि डोळा यांच्यातला पूल जन्मतः बांधलेला नसतो, आणि तो बांधायला वर्षंही लागत नाहीत.

वासाचा प्रांत या सगळ्यात मागे पडला आहे. बराच काळ अभ्यासक मानत होते, की माणसाच्या मेंदूला वासांना नावं देणं जमतच नाही. आसिफा मजीद आणि निक्लास बुरेनहुल्ट यांनी २०१४ मध्ये मलेशियाच्या जंगलात राहणाऱ्या जहाई लोकांबद्दल लिहिलं, की ते रंगांइतक्याच सहजतेने वास सांगतात. मग २०१८ मध्ये वीस भाषांची तुलना झाली आणि दिसलं, की कुठलं इंद्रिय शब्दांत चांगलं उतरतं याचा सर्व भाषांना लागू पडणारा क्रम नाही. मराठी या नकाशावर कुठे बसेल? खवट, कुबट, खमंग, आंबूस, करपट, उग्र. शिवाय वास कसा येतो हे सांगणारे दरवळ, घमघमाट, भपकारा. खवट खोबऱ्यालाही चालतं, तेलालाही, दाण्यांनाही. कुबट कपड्यालाही, बंद खोलीलाही. कुठल्याही एका वस्तूला न बांधलेले हे गंधाचे गुण आहेत. पूर्व विदर्भात मोहफुलं वेचणाऱ्या, गोंडी बोलणाऱ्या घरांत ही शब्दसंपत्ती आणखी वेगळी असणार, आणि ती नोंदवण्याचं काम मला फार महत्त्वाचं वाटतं.

अलीकडे या वादात यंत्रं आली. ज्यांनी कधी काही पाहिलं-चाखलं नाही अशी, फक्त मजकुरावर तयार झालेली भाषा-प्रारूपं रंगांतलं, स्वरांतलं, चवींतलं साम्य माणसांसारखंच ओळखतात, असं २०२४च्या एका अभ्यासात दिसलं. २०२५ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासाने हजारो संकल्पना तपासून मर्यादा दाखवली: अमूर्त गुणांत ही प्रारूपं माणसाच्या जवळ असतात, इंद्रियांच्या गुणांत दूर जातात, आणि हालचालीच्या गुणांत सर्वांत दूर. चित्रं दाखवून शिकवलेली प्रारूपं दृश्य गुणांत थोडी जवळ येतात. यावरून अंध माणसाला यंत्राच्या ओळीत बसवणारे लेख मी वाचले आहेत आणि त्यांचा मला तीव्र निषेध करावासा वाटतो. अंध माणसाकडे चार इंद्रियं आहेत, हातपाय आहेत, भूक आहे, ऊन आहे, माणसं आहेत. न पाहिलेला रंगही त्याला या सगळ्यातून येऊन भेटतो.

इंग्रजीसाठी २०२० मध्ये लँकेस्टर इथल्या संशोधकांनी सुमारे ४० हजार शब्दांची मोजणी प्रसिद्ध केली. प्रत्येक शब्द पाहणं, ऐकणं, चव, वास, स्पर्श आणि शरीरातल्या आतल्या जाणिवा यांच्याशी किती बांधलेला, आणि कुठल्या अवयवाच्या हालचालीशी किती, हे लोकांना विचारून. मराठीसाठी असं काम करायला नागपूरसारखं ठिकाण नाही. इथे प्रमाण मराठी, वऱ्हाडी, झाडीबोली, हिंदी आणि गोंडी एकाच बाजारात ऐकू येतात, आणि डिसेंबर नि मे हे जवळजवळ दोन वेगळे देश आहेत. ऊब, झळ, गारवा, थंडावा या शब्दांना लोक दोन्ही ऋतूंत सारखेच गुण देतात का, हे विचारून पाहता येईल. लालभडक, पिवळाधमक, काळाकुट्ट, हिरवागार या जोडांतला दुसरा भाग जन्मांध भाषकाला काय सांगतो, हेही.

आणि अंध मुलांच्या वर्गात तर मोजणीची वाट न पाहता सुरुवात करता येईल. भारती ब्रेल १९५१ पासून आहे. मजकूर हातांपर्यंत पोचतो. त्याच्या जोडीला वस्तू हव्यात. रोहीचा पुठ्ठ्याचा नव्हे तर खऱ्या प्रमाणातला, हात फिरवता येईल असा पुतळा हवा, म्हणजे गाईसारखा म्हणजे किती गाईसारखा आणि कुठे वेगळा हे बोटांना कळेल. रंगांचे शब्द टाळू नयेत. त्यांची नाती शिकवावीत. मार्चमधल्या कुठल्याही सकाळी पत्र्याचे दोन सारखे तुकडे, एक काळा रंगवलेला, एक पांढरा, शाळेच्या अंगणात उन्हात ठेवावेत आणि तासाभराने मुलांना त्यांवरून हात फिरवायला द्यावा. काळा कुठला हे त्यांना कुणी सांगावं लागणार नाही.